विमान कधी सुरू होणार हे विचारून झालं, आता ते तपासणार कोण हेही विचारूया

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा. आधी एक कबुली देतो.

२०२१ साली चिपीच्या विमानतळाच्या परवान्यावर मी एक बातमी केली होती. हेडिंग माझंच होतं : ‘दिल्लीच्या बाबूंनी अडवलं कोकणचं विमान’. बातमी चालली. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली, नाक्यावर लोकांनी पाठ थोपटली. मलाही वाटलं, जमलं बुवा. आज चार वर्षांनी त्या हेडिंगची मला लाज वाटते. का वाटते ते सांगण्यासाठीच हा प्रपंच.

बातमीमागचा राग खोटा नव्हता. सप्टेंबर २०१८ मध्ये गणपतीच्या तोंडावर चिपीच्या सड्यावर एक छोटं विमान उतरवून दाखवलं होतं. मार्च २०१९ मध्ये एक उद्घाटन झालं. त्यानंतर तारखा येत राहिल्या आणि जात राहिल्या. मुंबईचा चाकरमानी रात्रभर गाडीत अंग मोडून येतो, गणपतीत रेल्वेचं तिकीट मिळणं म्हणजे लॉटरी, आणि इथे धावपट्टी तयार असूनही विमान नाही! लोक चिडणारच. शेवटी ९ ऑक्टोबर २०२१ ला पहिलं प्रवासी विमान उतरलं. त्या दिवशी मीही तिथे होतो आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

पण या मधल्या काळात परवाना देणाऱ्या माणसांनी काय तपासलं, त्यांना काय खटकलं, काय दुरुस्त करून घेतलं, यावर मी एक ओळही लिहिली नाही. विचारलंच नाही तर लिहिणार काय? माझ्या डोक्यात गणित सोपं होतं. पुढारी तारीख देतायत, बाबू अडवतायत, म्हणजे बाबू व्हिलन.

बातमी छापून आली त्याच संध्याकाळी एक फोन आला. आपल्याच तालुक्यातले एक काका, नोकरीची अख्खी वर्षं मुंबईत विमानं तपासण्यात घालवून निवृत्त होऊन गावी आलेले. नाव देत नाही, त्यांना आवडणार नाही. आवाज शांत होता. म्हणाले, “तुझी बातमी वाचलंय. रे, विमान तुझ्या हेडिंगार उतरणा नाय, रनवेर उतरता.”

मी वाद घातला. काका, लोकांची गैरसोय होते, तुमच्या खात्याला त्याचं काही नाही वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, एकदा घरी ये. गेलो. नंतर जातच राहिलो. आज जे लिहितोय त्यातलं बरंचसं त्या ओटीवर बसून कळलेलं आहे. पत्रकारितेच्या डिप्लोमाला हे कोणी शिकवलं नव्हतं.

तर आधी हे खातं काय आहे ते बघू. आपल्याला आरटीओ माहीत आहे. गाडीचं पासिंग, फिटनेस, ड्रायव्हरचं लायसन, टेम्पोवाल्याचं परमिट, सगळं तिथेच. विमानांच्या बाबतीत हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय करतं. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला डीजीसीए म्हणतात. मुख्यालय दिल्लीत. पण दिल्लीत बसून मुंबईच्या हँगरमधला टायर दिसत नाही. म्हणून देशात १४ ठिकाणी त्यांची विमान-योग्यता तपासणारी प्रादेशिक कार्यालयं आहेत : दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद, कोची, भोपाळ, लखनऊ, पाटणा वगैरे. हवाई सुरक्षेची वेगळी कार्यालयं पाच ठिकाणी, त्यातही मुंबई आहे. आपल्या पश्चिम भागाचा मोठा भार या मुंबईच्या कार्यालयावर येतो.

तिथली माणसं काय करतात? एखाद्याला विमान कंपनी काढायची असेल तर विमान विकत घेऊन भागत नाही. चालकाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते पाच टप्प्यांतून जातं. आधी प्राथमिक बोलणी, मग रीतसर अर्ज, मग कागदपत्रांची छाननी, मग प्रत्यक्ष करून दाखवणं, आणि शेवटी प्रमाणपत्र. चौथा टप्पा सगळ्यात अवघड. तुम्ही पुस्तकात लिहिलंय की आणीबाणीत प्रवासी अमुक सेकंदात बाहेर काढू. काढून दाखवा. लिहिलंय की इंजिनाचा बिघाड रात्री दोन वाजतासुद्धा हाताळू. माणसं कुठे आहेत, सुटे भाग कुठे आहेत, दाखवा.

प्रमाणपत्र मिळालं म्हणजे सुटका झाली असंही नाही. प्रत्येक विमानाचा उडण्यायोग्य असल्याचा कागद ठराविक मुदतीने पुन्हा तपासला जातो. दुरुस्ती करणाऱ्या कंपन्यांना वेगळी मान्यता, इंजिनिअरला वेगळं लायसन, वैमानिकाला वेगळं. शिवाय अचानक तपासण्या. विमान येऊन उभं राहतं, प्रवासी उतरतात, पुढचे चढायच्या आत निरीक्षक टॉर्च घेऊन पोटाखाली शिरतो.

काकांनी एक गोष्ट सांगितली ती मला कायम लक्षात राहिली. विमानात एखादी वस्तू बंद पडली म्हणून ते लगेच जमिनीवर बसवतात असं नाही. कुठली वस्तू बंद असताना उडता येतं, याची आधी मंजूर झालेली यादी असते. काही वस्तू तीन दिवसांत दुरुस्त करायच्या, काही दहा दिवसांत, काही १२० दिवसांत. त्यात गैर काही नाही, जगभर असंच चालतं. पण ते तीन दिवस तीनच आहेत का? तिसऱ्या दिवशी ‘दुरुस्त केलं’ लिहून चौथ्या दिवशी तीच तक्रार नव्याने तर लिहिली नाही ना? हे कुठल्या मशीनला कळत नाही. लॉगबुक उलटून बघणाऱ्या माणसालाच ते कळतं. काका म्हणाले, “खय काय चुकता ता बघूक माणूस होयो.”

आणि नेमका माणूसच नाही.

१२ जून २०२५ ला अहमदाबादची दुर्घटना झाली. २६० जीव गेले. त्यात विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९. आपल्या डोंबिवली, बदलापूर, पनवेलच्या घरांतली मुलं त्या विमानात कामावर होती. इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कमेंटमध्ये भांडण लागेल. डिसेंबर २०२५ पर्यंत त्या अपघाताचा तपास पूर्ण झालेला नव्हता. त्याचं खापर मी निरीक्षकांच्या रिकाम्या जागांवर फोडत नाहीये. तसा पुरावा माझ्याकडे नाही, आणि पुराव्याशिवाय हेडिंग देण्याची चूक मी एकदा करून बसलोय.

पण त्या अपघातानंतर जे झालं ते बघा. त्याच जून महिन्यात डीजीसीएने दिल्ली, मुंबईसारख्या मोठ्या विमानतळांवर रात्री आणि पहाटे खास तपासणी केली. पथकं पाठवली, धावपट्टीपासून सिम्युलेटरपर्यंत सगळं बघितलं. काय सापडलं ते त्यांनीच जाहीर केलं. टायर झिजलेला म्हणून एक देशांतर्गत विमान थांबवावं लागलं. एकच बिघाड पुन्हा पुन्हा उद्भवतोय, म्हणजे दुरुस्ती नीट होत नाहीये, अशी अनेक प्रकरणं निघाली. काही सीटखाली लाइफ जॅकेट नीट बसवलेलं नव्हतं. एका सिम्युलेटरची रचना प्रत्यक्ष विमानाशी जुळत नव्हती, म्हणजे वैमानिक शिकतो एकावर आणि चालवतो दुसऱ्यावर. एका विमानतळावर धावपट्टीच्या मधल्या रेषेचा रंग उडालेला होता.

हे वाचून दोन प्रकारचे लोक दोन गोष्टी बोलले. एक म्हणाले, बघा, किती धोकादायक आहे विमानप्रवास. दुसरे म्हणाले, बघा, सरकार किती कडक तपासतंय. माझ्या मनात तिसराच प्रश्न आला. तो टायर काय त्या रात्रीच झिजला? तो रंग काय त्याच आठवड्यात उडाला? बघायला गेले म्हणून सापडलं. मग आधी बघायला कोण जात होतं, आणि किती जण होते?

याचं उत्तर दोन महिन्यांनी संसदेत मिळालं. परिवहन, पर्यटन आणि संस्कृती या विषयाच्या संसदीय स्थायी समितीने ऑगस्टमध्ये विमान सुरक्षेवर अहवाल दिला. त्यात आकडा आहे : डीजीसीएची मंजूर पदं १,०६३, भरलेली ५५३. म्हणजे जवळजवळ निम्म्या खुर्च्या रिकाम्या. शिवाय तपासण्यांमध्ये दाखवून दिलेल्या साडेतीन हजारांहून जास्त त्रुटी दुरुस्तीच्या प्रतीक्षेत होत्या.

जिल्हा परिषदेच्या शाळेत चार शिक्षकांच्या जागी दोन असले तर आपण काय करतो? शाळेला कुलूप ठोकतो, पंचायत समितीवर मोर्चा नेतो, माझ्यासारख्याला बोलावून फोटो काढून घेतो. बरोबरच आहे ते. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर नसला की उपोषण होतं. मग दिवसाला लाखो माणसं ज्या विमानांत बसतात, ती तपासणाऱ्या खात्यात निम्मी माणसं नाहीत, यावर साधा एक निषेधाचा फलक कुठे लागलेला मी तरी पाहिला नाही. कारण ती खुर्ची आपल्याला दिसत नाही. शाळेतला रिकामा वर्ग दिसतो, हँगरमधला न आलेला निरीक्षक दिसत नाही.

सरकारची बाजूही सांगायला हवी. त्यांचं म्हणणं असं की गेल्या काही वर्षांत डीजीसीएची चारशेहून जास्त नवी पदं निर्माण केली, म्हणून रिकाम्या जागांची टक्केवारी मोठी दिसते, आणि भरती चालू आहे. यात तथ्य आहे. दुसरं, २०२२ च्या शेवटी संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संघटनेने केलेल्या तपासणीत भारताला ८५.६५ टक्के गुण मिळाले. त्याआधी ते ६९.९५ होते. आपला क्रमांकही बराच वर आला. हेही खरं, आणि त्याचं श्रेय त्याच अपुऱ्या माणसांना जातं.

पण नवी पदं का निर्माण केली? विमानं वाढली म्हणून, गरज होती म्हणून. मग गरज आहे हे मान्य करून पद कागदावर काढायचं आणि माणूस नेमायचा नाही, याला काय म्हणायचं? गावात पाण्याची नवीन टाकी बांधली पण पाणी सोडलं नाही, तर ‘टाकी मोठी झाल्याने रिकामी जास्त दिसते’ असं कोणी ऐकून घेईल का?

आणि ही काही पहिली वेळ नाही. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने भारताची श्रेणी एकवरून दोनवर उतरवली होती. त्यांच्या आक्षेपांमधला एक मोठा आक्षेप होता की तुमच्याकडे उड्डाण निरीक्षक पुरेसे नाहीत, आणि आहेत त्यातले बरेचसे विमान कंपन्यांकडून उसने घेतलेले आहेत. परिणाम काय झाला? आपल्या कंपन्यांना अमेरिकेच्या नवीन फेऱ्या सुरू करता येईनात. मग दिल्लीत धावपळ झाली, पूर्णवेळ निरीक्षकांची ७५ पदं मंजूर झाली, आणि एप्रिल २०१५ मध्ये श्रेणी परत मिळाली. धंदा अडला तेव्हा वर्षभरात माणसं मिळाली. याचा अर्थ माणसं मिळू शकतात.

आता डिसेंबर २०२५ मध्ये काय झालं ते बघा. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ जुलै आणि १ नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत लागू झाले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली. थकलेल्या वैमानिकाने विमान चालवू नये, एवढा साधा हेतू. नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झालेले. तरी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची व्यवस्था कोलमडली. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर फेऱ्या रद्द झाल्या. लग्नाचे वऱ्हाडी, परीक्षेची मुलं, मयताला निघालेली माणसं विमानतळाच्या फरशीवर झोपली. आणि मग डीजीसीएने त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून तात्पुरती सवलत दिली.

हे नीट लक्षात घ्या. सुरक्षेसाठी केलेला नियम पाळायची तयारी कंपनीने केली नाही, गोंधळ झाला, आणि त्या गोंधळावर उपाय म्हणून नियमच सैल झाला. लोकांचे हाल थांबवायला दुसरा मार्ग नव्हता असं म्हणता येईल, मी ते नाकारत नाही. पण ही वेळ येण्याआधी कोणीतरी जाऊन विचारायला हवं होतं की बाबांनो, नोव्हेंबरपासून तुम्हाला इतके वैमानिक लागतील, तुमच्याकडे किती आहेत? हिवाळ्याचं वेळापत्रक तर डीजीसीएनेच मंजूर केलेलं.

त्यानंतर कारवाई काय झाली? त्या कंपनीवर देखरेख ठेवणाऱ्या चार उड्डाण निरीक्षकांना काढलं. हे निरीक्षक करारावर होते. त्यांनी कामात कसूर केली असेल तर शिक्षा व्हायलाच हवी, त्याबद्दल दुमत नाही. पण देशातली निम्म्याहून जास्त देशांतर्गत प्रवासी वाहतूक जिच्या हातात आहे अशी एक कंपनी, आणि तिच्यावर लक्ष ठेवायला करारावरची मोजकी माणसं. चूक फक्त त्या चौघांची, की ही रचना उभी करणाऱ्यांची? आपल्याकडे पूल कोसळला की शाखा अभियंता निलंबित होतो, त्याच्या वरचे सगळे चौकशी समितीवर जातात. तसंच काहीसं मला इथे दिसतं.

करारावर असण्याचा मुद्दा छोटा नाही. उड्डाण निरीक्षक हा स्वतः अनुभवी वैमानिक असावा लागतो, नाहीतर तो दुसऱ्या वैमानिकाला काय तपासणार? पण अनुभवी वैमानिकाला कंपनीत जो पगार मिळतो तो सरकारी खात्यात मिळत नाही. मग तो काही वर्षांसाठी येतो आणि परत त्याच धंद्यात जातो. आज ज्याच्या चुका काढायच्या, उद्या त्याच्याकडेच नोकरी मागायची. सगळे निरीक्षक विकले जातात असं मी मुळीच म्हणत नाही. काकांसारखे लोक मी पाहिलेत. पण माणसाच्या सचोटीची रोज परीक्षा घेणारी व्यवस्था ही चांगली व्यवस्था नव्हे.

आणि जवळीक जास्त झाली की काय होतं याचा धडा अमेरिकेतच आहे. तिथे मोठ्या कंपन्यांवर देखरेखीला प्रत्येकी स्वतंत्र सरकारी कार्यालय असतं. टेक्सासमध्ये साउथवेस्ट या कंपनीसाठी असंच एक कार्यालय होतं. मार्च २००७ मध्ये उघड झालं की कंपनीने ४६ विमानांच्या बाह्य आवरणात भेगा आहेत का याची सक्तीची तपासणी केलीच नव्हती, आणि ती विमानं जवळजवळ ६० हजार फेऱ्या उडाली होती. हे लक्षात आल्यावरही ती आणखी काही दिवस उडत राहिली, आणि सरकारी कार्यालयातल्या एका वरिष्ठाने ते चालू दिलं. नंतर तपासल्यावर सहा विमानांत भेगा सापडल्या. नशिबाने कोणी दगावलं नाही.

हे बाहेर कसं आलं? त्याच कार्यालयातल्या दोन निरीक्षकांनी हट्ट सोडला नाही म्हणून. वर लिहून काही होत नाही म्हटल्यावर त्यांनी संसदेच्या समितीचं दार ठोठावलं. एप्रिल २००८ मध्ये सगळ्यांसमोर साक्ष दिली. कंपनीला एक कोटी दोन लाख डॉलरचा दंड प्रस्तावित झाला, शेवटी ७५ लाख डॉलरवर तडजोड झाली. सरकारच्याच तपास अधिकाऱ्यांनी मान्य केलं की कार्यालय आणि कंपनी यांचे संबंध नको तितके गोडीचे झाले होते.

यातून मी काय घेतो? नुसत्या खुर्च्या भरून भागत नाही. खुर्चीतल्या माणसाला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे, आणि ‘नाही’ म्हटल्यावर त्याची बदली होता कामा नये. आता सांगा, आपल्याकडे मुंबईच्या कार्यालयातल्या एखाद्या निरीक्षकाने उद्या सणासुदीच्या गर्दीत एखादं विमान थांबवलं, तर त्याच्या पाठीशी कोण उभं राहील? प्रवासी ओरडतील, कंपनी वर फोन लावेल, पुढारी ट्वीट करेल. आणि माझ्यासारखा पत्रकार हेडिंग देईल.

‘बाबूंनी अडवलं’ हेच ते हेडिंग.

म्हणून लाज वाटते. माझ्या एका बातमीने विमान पडलं नाही, तेवढी माझी ताकद नाही. पण कामात उशीर करणाऱ्या माणसाला आणि काम करण्यासाठी वेळ घेणाऱ्या माणसाला मी एकाच दोरीने बांधलं. सरकारी खात्यात पहिल्या जातीचे लोक आहेत, भरपूर आहेत, त्यांच्यावर मी आजही लिहितो आणि लिहीत राहीन. पण फरक विचारून लिहायला हवा होता. “का थांबवलंय?” एवढाच प्रश्न होता. एक फोन लागला असता.

हे आत्ताच का लिहितोय? कारण आपल्या राज्यात विमानतळांचा हंगाम आला आहे. अमरावतीचा एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला. सोलापूरला विमान लागलं. नवी मुंबईचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून उड्डाणं सुरू झाली. चांगलंच आहे. माझा विमानतळांना विरोध नाही, चिपीला तर अजून फेऱ्या वाढायला हव्यात. पण प्रत्येक नवीन धावपट्टी, प्रत्येक नवीन विमान म्हणजे तपासायचं आणखी एक काम. फीत कापताना व्यासपीठावर वीस जण असतात. त्यातल्या एकानेही सांगितलं का, की याबरोबर मुंबईच्या कार्यालयात इतके निरीक्षक वाढवले?

नागरी विमान वाहतूक खात्याचे राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ आपल्या पुण्याचे आहेत. मराठी माणूस त्या खुर्चीत आहे याचा आपण अभिमान बाळगतो, मग प्रश्नही मराठीतच विचारूया. आपल्या खासदारांनाही विचारूया. “आमचं विमान कधी?” हा प्रश्न विचारून झाला. तो विचारत राहूच. पण त्याच्या जोडीला हे तीन विचारा.

पहिला : डीजीसीएच्या मुंबईतल्या कार्यालयांत मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि उरलेली कुठल्या तारखेपर्यंत भरणार? तारीख द्या, ‘लवकरच’ नको.

दुसरा : तपासणीत कुठल्या कंपनीत किती त्रुटी निघाल्या, त्यातल्या गंभीर किती, आणि किती मुदतीत दुरुस्त झाल्या, हे दर तीन महिन्यांनी सगळ्यांना वाचता येईल असं जाहीर का करत नाही? तिकीट मी काढतो, जीव माझा. हॉटेलच्या स्वयंपाकघराची तपासणी झाली तर आपल्याला कळावी असं वाटतं, मग विमानाची का नको?

तिसरा : निरीक्षकाला पूर्णवेळ नोकरी, धंद्यातल्याशी तुलना होईल असा पगार, आणि त्याने एखादी गोष्ट थांबवली तर कायद्याचं संरक्षण, हे कधी देणार? १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या विमान कायद्याच्या जागी नवा भारतीय वायुयान अधिनियम आला. कायद्याचं नाव बदललं, छान झालं. तो राबवणारा माणूस कुठे आहे?

पहिल्या प्रश्नासाठी मी माहितीच्या अधिकारात अर्ज लिहून ठेवलाय, सोमवारी टाकतो. उत्तर आलं की इथेच टाकेन, काहीही आलं तरी. तुमच्यापैकी कोणाला स्वतःच्या नावाने टाकायचा असेल तर इनबॉक्सला या, मसुदा देतो. दहा रुपये लागतात.

एक शेवटचं. कोणी ही पोस्ट वाचून विमानात बसायला घाबरू नका. अजूनही आपल्या मुंबई-गोवा महामार्गापेक्षा विमान कितीतरी सुरक्षित आहे, आणि ते तसं आहे यामागे रात्री टॉर्च घेऊन फिरणाऱ्या माणसांचे कष्ट आहेत. ती माणसं कमी पडू देऊ नका, एवढंच म्हणणं आहे.

गेल्या आठवड्यात काकांकडे गेलो होतो. ही पोस्ट लिहितोय म्हटलं, तुमचा उल्लेख करू का? म्हणाले, नाव घालू नको. मग थोड्या वेळाने विचारलं, “त्या जुन्या हेडिंगाचा पण लिवतलंस मां?” म्हटलं, लिहितो. तर हसले आणि आत चहा सांगितला.

लिहिलं, काका.

यापुढे ‘परवाना रखडला’, ‘विमान रोखलं’ अशी बातमी वाचलीत, माझी असो की कोणाची, तर शिव्या घालायच्या आधी एकच विचारा : का रखडला? उत्तर आळस असेल तर आपण मिळून शिव्या घालू. उत्तर ‘काहीतरी सापडलं म्हणून’ असं असेल, तर त्या अनोळखी माणसाच्या पाठीशी उभे राहा.